किल्ल्याची वाट आणि खेळाची वाट

बीड जिल्ह्यांतील धारूरचा किल्ला ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस त्याच्या बिकटपणाचें वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाहीं. बालाघाटाच्या कड्यावरील हा किल्ला तीन बाजूंनीं दरीनें वेढलेला आहे, आणि जी एक बाजू सपाटीस मिळते तेथें खंदक व तटबंदी आहे. निसर्गानें जें काम अपुरें सोडलें तें माणसानें पुरें केलें. आदिलशाही सरदार किश्वरखान यानें १५६७ च्या सुमारास हा किल्ला उभारला. थोड्याच काळांत मुर्तझा निजामशाहानें तो जिंकून घेतला, किश्वरखान मारला गेला, आणि स्थळास फत्तेहाबाद हें नांव मिळालें. पुढें जानेवारी १६३१ मध्यें, दक्षिणेंत भयंकर दुष्काळ पडला असतां, शहाजहानचा सरदार आजमखान यानें तो निजामशाहीकडून घेतला. या पाडावाचें चित्र 'पादशाहनामा' ग्रंथाच्या विंडसर येथील प्रतींत आजहि पाहावयास मिळतें.

हा इतिहास आठवण्याचें निमित्त मात्र अगदीं निराळें आहे. सुशिक्षित घरांतील मुलें आज ज्या व्हिडिओ गेममध्यें रात्रीच्या रात्री घालवितात, त्यांतील एका प्रकारांत असाच एखादा किल्ला, मठ किंवा उद्ध्वस्त नगर खेळाडूपुढें ठेवलेलें असतें. त्यानें लढत लढत आंत शिरावयाचें, बंद दारें उघडण्याचीं साधनें शोधावयाचीं, एकदां सोडलेल्या वाटेकडे नव्या शक्तीनिशीं परत यावयाचें, आणि हळूहळू साऱ्या वास्तूचा नकाशा पुरा करावयाचा. वडील मंडळी याला कालापव्यय म्हणून सोडून देतात. परंतु ज्या कलेवर इतक्या तरुणांचे इतके तास खर्च होतात, तिचे गुणदोष न पाहतां तिच्यावर निकाल देणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. म्हणून या जातीचा एक नामांकित नमुना येथें परीक्षणासाठीं घेतला आहे. स्पेनमधील सेव्हिल नगरांतील 'द गेम किचन' या मंडळीनें १० सप्टेंबर २०१९ रोजीं प्रसिद्ध केलेला 'ब्लास्फेमस' हा तो खेळ होय.

प्रथम या जातीचें कुल पाहूं. भयाण किल्ला, भुयार, गुप्त दार आणि पूर्वजांच्या पापाची छाया हें साहित्य युरोपांत हॉरेस वॉल्पोल यानें १७६४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ऑट्रँटोच्या किल्ल्याच्या कादंबरीपासून रूढ झालें, आणि तेव्हांपासून अशा वाङ्मयास 'गॉथिक' हें विशेषण लागलें. ब्रॅम स्टोकर याच्या १८९७ मधील 'ड्रॅक्युला'नें त्या किल्ल्यास एक अमर धनी मिळवून दिला. जपानांतील कोनामी या कंपनीनें १९८६ सालीं ड्रॅक्युलाचा तोच किल्ला 'कॅसलव्हेनिया' या खेळाच्या रूपानें पडद्यावर आणला. त्याच वर्षीं निंटेंडोचा 'मेट्रॉइड' निघाला. त्यांत सारें जग म्हणजे एकच सलग भूलभुलैया होता. १९९७ च्या 'सिंफनी ऑफ द नाइट' या खेळानें या दोन प्रवाहांचा संगम केला. तेथें ड्रॅक्युलाचा पुत्र अलुकार्ड बापाच्या किल्ल्यांत शिरतो. किल्ला पुरा पाहिला असें वाटतें न वाटतें तोंच तोच किल्ला उलटा होऊन डोक्यावर उभा राहतो, आणि दुसरा प्रवास सुरू होतो! या दोन खेळांच्या नांवांचा समास होऊन 'मेट्रॉइडव्हेनिया' हें जातिनाम बनलें. 'ब्लास्फेमस' हा त्याच कुलांतला.

आतां खरा किल्ला आणि खेळांतला किल्ला यांत भेद कोणता? बीडच्या शेजारीं छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांत देवगिरीचा दुर्ग आहे. कातळांत खोदलेला खंदक, त्यावरून जाणारी एकच वाट, आणि मग ती प्रसिद्ध 'अंधारी': काळोखांत वळत जाणारा, फसव्या फाट्यांचा, चढत्या पायऱ्यांचा मार्ग. खेळाच्या रचनाकारास हेवा वाटावा असें हें कौशल्य आहे. परंतु अंधारी खोदणाराचा हेतु एकच होता. आंत आलेला परका वरपर्यंत पोहोंचूं नये. खेळ रचणाराचा हेतु नेमका उलट असतो. आंत आलेल्यानें पोहोंचावें, मात्र सहज पोहोंचूं नये, अशी त्याची इच्छा असते. किल्ल्यास शत्रूची अपेक्षा असते, खेळास पाहुण्याची. पाहुण्यास जेवणापूर्वीं थोडें ताटकळत ठेवल्यास भूक वाढते. पण दारच लावून घेतलें तर तो यजमानधर्म नव्हे. 'ब्लास्फेमस'चे गुण आणि दोष या एकाच मापानें मोजतां येतात.

त्याचा पहिला गुण असा कीं, तो आपल्या मातीतून उगवला आहे. सेव्हिल येथें पवित्र सप्ताहांत प्रायश्चित्त करणारे बंधुसंघ टोकदार उंच टोप्या घालून मिरवणुकीनें निघतात. या टोपीचें मूळ इन्क्विझिशनच्या काळीं अपराध्यांस घालावयास लावीत त्या कागदी टोपींत आहे. खेळाचा नायक हा असाच एक प्रायश्चित्ती; त्याच्या मस्तकावर तेंच टोक लोखंडी शिरस्त्राण होऊन बसलें आहे. त्याच्या तलवारीचें नांव लॅटिन भाषेंत 'माझा अपराध' असें आहे. तो बोलत नाहीं. ज्या देशांतून तो चालतो तेथें 'चमत्कार' नांवाची एक दैवी शक्ति लोकांची दुःखें त्यांच्या देहावर उमटविते. शिक्षा आणि कृपा यांत तेथें अंतरच उरलेलें नाहीं. मोठीं मंदिरें, घंटा, मेणबत्त्या, रक्तलांछित मूर्ति हें सारें ज्या नगरांत जगांतील सर्वांत मोठें गॉथिक प्रार्थनामंदिर उभें आहे, त्या नगरांतील कलावंतांनीं लहानपणापासून पाहिलेलें आहे. २०१७ सालीं त्यांनीं लोकवर्गणीनें तीन लक्ष डॉलरांहून अधिक रक्कम उभी केली. आरंभीं खेळांतील पात्रें इंग्रजी बोलत. २०२० मध्यें त्यांस स्पॅनिश वाणी देण्यांत आली, तेव्हां तीं आपल्या घरीं परतल्यासारखीं वाटलीं.

दुसरा गुण चित्रकलेचा. हीं सर्व चित्रें बारीक चौकोनी ठिपक्यांनीं, म्हणजे पिक्सेलांनीं, घडविलेलीं आहेत. यंत्रें दुबळीं होतीं तेव्हां ही पद्धति सक्तीची होती. आतां ती स्वखुशीनें पत्करलेली मर्यादा आहे. कशिदा काढणारी बाई कापडाचीं घरें मोजून टांका घालते आणि दुरून पाहणाराला पोपट दिसतो, तसाच हा प्रकार. चेहरा चार ठिपक्यांचा असतो, म्हणून डोळ्यांतील वेदना पाहणारानें आपल्या मनांतून पुरवावी लागते. भयरस अशा अपुरेपणानें अधिक गडद होतो. रक्तपात मात्र येथें इतका आहे कीं, लहान मुलांच्या हातीं हा खेळ देऊं नये, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे.

तिसरा गुण असा कीं, कथा आणि नियम येथें एकजीव झाले आहेत. विसाव्याचें ठिकाण म्हणजे गुडघे टेकण्याचें प्रार्थनासन. तेथें जखमा भरतात, पण मारलेले शत्रुहि पुन्हां उभे राहतात. नायक जेथें मरेल तेथें त्याच्या अपराधाचा एक तुकडा पडून राहतो. तो परत जाऊन उचलीपर्यंत त्याचें बळ उणें राहतें, अथवा कबुलीजबाबाच्या मूर्तीपुढें प्रायश्चित्ताचे अश्रु खर्चून तें फेडावें लागतें. खेळांत पापपुण्य गुंफण्याची कल्पना आपणांस परकी नाहीं. ज्या मोक्षपटाचें कर्तृत्व परंपरा ज्ञानेश्वरांकडे देते, त्यांत दुर्गुणाचा साप खालीं नेतो आणि सद्गुणाची शिडी वर चढविते. फरक इतकाच कीं, मोक्षपटांत दान पडेल तसें चालावें लागतें, आणि येथें चूक आपली स्वतःची असते. दहा वेळां हरविणारा राक्षस अकराव्या वेळीं पडतो, कारण त्याचा प्रत्येक वार आतां आपणांस ओळखीचा झालेला असतो. ही कठोरता शिकविणारी आहे, आणि म्हणून ती गोड लागते.

परंतु प्रत्येक ठिकाणीं असें घडत नाहीं. जमिनींतील टोकदार सळयांवर पाय पडला कीं नायक तत्क्षणीं मरतो, मग त्याची शक्ति कितीहि असो. शत्रूच्या दहा तडाख्यांनीं जो पडत नाहीं, तो एका चुकलेल्या उडीनें संपतो, आणि खेळाडूस मागील प्रार्थनासनापासून सारी वाट पुन्हां तुडवावी लागते. येथें शिकावयाचें कांहीं नसतें. फक्त वेळ जातो. दुसरी गैरसोय अवशेषांची. विषारी वायूंत तगण्यासाठीं एक, रक्ताच्या पायऱ्या दिसण्यासाठीं दुसरा, खोल उडी सोसण्यासाठीं तिसरा, असे अवशेष मिळतात. पण एका वेळीं तीनच धारण करतां येतात. त्यामुळें दर थोड्या वेळानें यादी उघडून अदलाबदल करीत बसावें लागतें. पूर्वीच्या किल्लेदारासहि किल्ल्यांचा जुडगा एकाच कमरेला लावण्याची मुभा होती!

सर्वांत मोठी तक्रार गुप्ततेची आहे. कोणती वस्तु कोणास नेऊन द्यावी, कोणत्या दुःखी जीवास केव्हां भेटावें, याचे धागे इतके धूसर आहेत कीं, क्रम चुकल्यास कांहीं कथा कायमच्या हातच्या जातात. खरा शेवट पाहावयाचा तर ज्या गोष्टी कराव्या लागतात, त्या दुसऱ्यानें लिहिलेली टिपणें उघडल्याविना फारच थोड्यांस सुचतात. गूढता आणि अडवणूक यांत अंतर आहे. गूढ गोष्ट उलगडल्यावर, "अरेच्चा, हें तर समोरच होतें," असें वाटावें. समोर कांहीं ठेवलेंच नसेल, तर उलगडण्याचा आनंद कोठून येणार? अशा जागीं हा खेळ यजमानाचें कर्तव्य विसरून देवगिरीची अंधारी होतो.

तरीहि दोष वजा करून जें उरतें तें थोर आहे असें आमचें मत आहे, आणि तें आपणांस विचार करावयास लावणारें आहे. सेव्हिलच्या मंडळीनें आपल्या गल्लींतील मिरवणूक घेतली आणि ती जगानें स्वीकारली. बीड जिल्ह्यास अशी सामग्री अपुरी नाहीं. बीड शहरांत पाण्यांत उभें असलेलें कंकालेश्वराचें मंदिर आहे. निजामशाहीच्या काळांतील खजाना बावडी आहे. अंबाजोगाईस दगडी हत्तींचें कोरीव लेणें आहे. आणि कड्यावर धारूर आहे, जेथें किश्वरखान पडला व दुष्काळांत आजमखान शिरला. आपलीं मुलें ड्रॅक्युलाच्या किल्ल्यांतील दालन न् दालन पाठ म्हणून दाखवितात. त्यांस धारूरची वाट ठाऊक नसते. यांत दोष त्यांचा नाहीं. ती वाट त्यांच्यासाठीं कोणी गोष्टीच्या रूपानें घालूनच दिलेली नाहीं.

हें काम उद्यां एखाद्या मराठी तरुणानें हातीं घेतल्यास त्यास एवढेंच सांगावेंसें वाटतें. तट उंच असूं द्या, दऱ्या खोल असूं द्या, काळोखहि असूं द्या. पण बांधतांना किश्वरखानाची दृष्टि ठेवूं नका. त्याच्या दारीं शत्रु यावयाचा होता. आज धारूरच्या दारांत जो येतो तो पाहुणा असतो, आणि त्यास आंतील सर्व पाहावयाचें असतें.