शंख, कवडी आणि गोगलगाय : भाविकांसाठी थोडी माहिती

देवघरातील शंख आणि पावसाळ्यात कुळागरातील सुपारीच्या बुंध्यावर चढणारी गोगलगाय यांचे कूळ एकच आहे, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. शंख हे समुद्री गोगलगायीचे कवच होय. आतील मृदू प्राणी चुन्याचा अंश स्रवून आपले घर वेटोळ्या-वेटोळ्याने वाढवीत नेतो. पूजेतील पांढरा शंख मुख्यत्वे मन्नारचे आखात व पाल्कची सामुद्रधुनी येथून येतो. मोरजी, मांद्रे, हरमल, केरी या पेडण्याच्या किनाऱ्यांवर शिंपल्या व लहान शंखले विपुल सापडतात. ते पूजेचे शंख नव्हेत.

भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात श्रीकृष्णाचा पांचजन्य, अर्जुनाचा देवदत्त, भीमाचा पौंड्र, युधिष्ठिराचा अनंतविजय, नकुलाचा सुघोष व सहदेवाचा मणिपुष्पक अशी शंखांची नावे आली आहेत. शिवपूजेत मात्र शंखोदक वर्ज्य मानण्याचा संकेत असून त्यामागे शंखचूड दैत्याची पुराणकथा सांगितली जाते. शिवाने त्याचा वध केला व त्याच्या अस्थींपासून शंख झाले, असे ती कथा म्हणते. डिचोली तालुक्यातील नार्वे येथे श्री सप्तकोटेश्वराच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांस ही कथा ठाऊक असावी. (दिवाडी बेटावरील मूळ देवालय पोर्तुगीज काळात उद्ध्वस्त झाले. नार्वे येथील देवालयाचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी 1668 साली करविला.)

वाजविण्याच्या शंखाचे वेटोळ्यांकडील टोक कापलेले असते. पूजेचा शंख अखंड ठेवतात.

आता महत्त्वाचा विषय दक्षिणावर्ती शंखाचा. शंखाचे वेटोळ्यांचे टोक खाली व निमुळती बाजू वर धरून मुख आपल्याकडे केले, तर नेहमीच्या शंखाचे मुख डावीकडे येते. ते उजवीकडे आले तर तो दक्षिणावर्ती. असा शंख निसर्गात अत्यंत विरळा, म्हणून त्याचे मोल मोठे. नेमका येथेच भाविक फसतो. अमेरिकेच्या किनाऱ्यावर समुद्री गोगलगायीची एक निराळीच जात आहे. तिच्या बहुतेक सर्व कवचांचे मुख जन्मतःच या बाजूस असते. तीच कवचे ‘दक्षिणावर्ती’ म्हणून विकली जातात. ओळखण्याची खूण सोपी आहे. खऱ्या शंखाच्या मुखात, मधल्या दांड्यावर, तीन ते चार ठळक आडव्या वळ्या बोटाला लागतात. त्या परदेशी कवचात हा भाग गुळगुळीत असतो. देवस्थानास शंख अर्पण करू इच्छिणाऱ्या महाजनांनी मोठी रक्कम देण्यापूर्वी मुखात बोट फिरवून पाहावे, ही विनंती.

कवडी हीसुद्धा समुद्री गोगलगायच. श्री तुळजाभवानीच्या भक्तांच्या गळ्यातील माळ कवड्यांची असते. मालदीव बेटांवरील कवड्या एके काळी चलन म्हणून दूरदूर जात. ‘कवडीमोल’ आणि ‘कवडीचुंबक’ हे शब्द त्याच व्यवहाराची आठवण ठेवून आहेत. शाळिग्राम मात्र गोगलगाय नव्हे. गंडकी नदीतील त्या शिळांत दिसणारी चक्रे माकूळाच्या दूरच्या, आता नष्ट झालेल्या नातलगांचे अश्मरूप अवशेष आहेत.

भूचर गोगलगायीत नर व मादी दोन्ही अंगे एकाच देहात असतात. उन्हाळ्यात ती कवचाच्या मुखावर पातळ पडदा धरून पाऊस येईपर्यंत निपचित राहते. भातशेतीतील व तळ्यांतील कोंगे हे तिचे पाणथळ भाऊबंद; पावसाळ्यात गोव्यात ते आवडीने खातात. मोठी आफ्रिकी गोगलगाय मात्र आपली नव्हे. 1847 साली मॉरिशसहून कलकत्त्यात आणलेल्या जोडीपासून ती भारतात पसरली, असे मानले जाते. फुलझाडे, भाजीपाला व कोवळी रोपे ती रातोरात फस्त करते. देवस्थानच्या फुलबागेत ती आढळल्यास उघड्या हाताने उचलू नये, कारण तिच्यात मेंदूच्या आवरणास सूज आणणारे कृमी असू शकतात. हातमोजे वा पिशवी वापरून संध्याकाळी वेचावी व मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकावी. तुळशीच्या किंवा फुलझाडांच्या मुळाशी मीठ पसरू नये. त्याने मातीच नासते.