मेरियम, चार्ल्स एडवर्ड : शिष्य आणि त्यांचे संशोधन

अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ चार्ल्स मेरियम (१८७४–१९५३) यांच्या हाताखाली शिकागो विद्यापीठात तयार झालेली संशोधकांची पिढी. मेरियम यांनी तेथे १९०० ते १९४० अशी चाळीस वर्षे अध्यापन केले. ते शिकागोचे नगरसेवकही होते. १९११ साली महापौरपदाची निवडणूक त्यांनी लढवली आणि ते हरले. राज्यघटना आणि कायदे वाचून राजकारण पुरते कळत नाही, माणसे प्रत्यक्षात कशी वागतात ते पाहावे लागते, हा त्यांचा आग्रह या अनुभवातून पक्का झाला असावा.

हॅरॉल्ड गॉस्नेल यांनी न्यूयॉर्कचे पक्षपुढारी टॉमस प्लॅट यांच्यावर प्रबंध लिहून १९२२ मध्ये पदवी घेतली. शिकागोच्या १९२३ च्या महापौर निवडणुकीत मतदान न केलेल्या सुमारे सहा हजार लोकांच्या मुलाखतींचा अभ्यास गुरु-शिष्यांनी मिळून प्रसिद्ध केला (१९२४). स्त्रियांनी मत देऊच नये, असे कारण काही स्त्रियांनीच सांगितले होते. पुढे गॉस्नेल यांनी निवडक नागरिकांचे दोन गट केले. एका गटाला नावनोंदणी व मतदानाचे आवाहन टपालाने पाठवले, त्यासाठी स्थलांतरितांच्या भाषाही वापरल्या, आणि मग दोन्ही गटांची तुलना केली. ‘गेटिंग आउट द व्होट’ (१९२७) हा ग्रंथ या प्रयोगावर आहे. निवडणूक-अभ्यासातील प्रत्यक्ष प्रयोगांची वाट येथून सुरू होते. त्या मानाने गॉस्नेल यांचे नाव फार कमी घेतले जाते.

हॅरॉल्ड लासवेल यांनी पहिल्या महायुद्धातील प्रचारतंत्रावर प्रबंध लिहिला (ग्रंथरूप १९२७) व नंतर राजकारणाला मनोविश्लेषणाची जोड दिली. व्ही. ओ. की यांचा विषय होता राजकीय भ्रष्टाचाराची तंत्रे (१९३४). त्यांचा अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांच्या राजकारणावरील १९४९ चा ग्रंथ आजही वाचावा असाच आहे. याच विभागात शिकलेल्या हर्बर्ट सायमन यांनी विद्यार्थिदशेत मिलवॉकीच्या सार्वजनिक क्रीडांगणांचा कारभार तपासला. पैसा देखभालीवर खर्चावा की मुलांना खेळवणाऱ्या माणसांवर, यावर दोन खात्यांचे एकमत होत नव्हते आणि जो तो आपल्या खात्याच्या नजरेने पाहत होता. निर्णय कसे घेतले जातात, हा प्रश्न त्यांना येथे सापडला. मेरियम निवृत्त झाल्यावर, १९४३ मध्ये, सायमन यांना डॉक्टरेट मिळाली व १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल.

गेब्रिएल आमंड यांचा अनुभव मात्र वेगळा. न्यूयॉर्कचे धनिक आणि राजकारण यांवरील त्यांच्या प्रबंधात (१९३८) जॉन रॉकफेलर यांच्याविषयी प्रतिकूल मजकूर होता आणि रॉकफेलर हे विद्यापीठाचे आश्रयदाते. मेरियम यांनी प्रकाशनाची शिफारस केली नाही. राजकारण जसे आहे तसे पाहा, असे शिकवणाऱ्या गुरूच्या बाबतीत ही गोष्ट खटकते. आमंड यांनी पुढे सिडनी व्हर्बा यांच्यासह पाच देशांतील नागरिकांच्या राजकीय वृत्तींचा ‘द सिव्हिक कल्चर’ (१९६३) हा गाजलेला अभ्यास केला. त्यांचा मूळ प्रबंध १९९८ साली छापून आला.