रंग कापडात की कापडावर? टी-शर्टच्या छपाईची गोष्ट

आजचा विषय बहुतेक तुमच्या अंगावरच असेल: टी-शर्टवरची छपाई.

ढोल-ताशा पथक असो, कॉलेजचं फेस्ट असो नाहीतर गल्लीतली क्रिकेट टीम. वर्गणी काढून टी-शर्ट करायचे ठरतात. दुकानदार विचारतो, "स्क्रीन, सब्लिमेशन, डीटीजी की डीटीएफ?" आपण विचारतो, "स्वस्त कुठलं?" मग तीन धुण्यांत लोगोचे पापुद्रे निघतात, आणि ज्यानं पैसे गोळा केले तो बिचारा सगळ्यांची बोलणी खातो. म्हणून आज मी या पद्धतींचा इतिहास सांगतोय. यातली प्रत्येक पद्धत कुठल्यातरी एका अडचणीवर उपाय म्हणून जन्माला आली. ती अडचण कळली, की निवड सोपी होते.

पहिली अडचण म्हणजे रंग टिकवणं. कैरोजवळच्या फुस्तात या जुन्या शहराच्या जागी सुती कापडाचे तुकडे सापडले. ते गुजरातेत लाकडी ठशांनी छापून समुद्रमार्गे तिथे गेलेले. त्यातले कित्येक मध्ययुगातले आहेत. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात त्यांचा मोठा संग्रह आहे, आणि रंग अजून दिसतात! गुपित काय? आपल्या घरातली फिटकरी. सूत नुसता रंग नीट धरत नाही. आपले कारागीर आधी ठशानं फिटकरी लावायचे, मग कापड रंगात उकळायचे. जिथे फिटकरी, तिथे रंग पक्का. अशा पदार्थाला रंगबंधक म्हणतात. थोडक्यात, रंग कापडावर चिकटवलेला नव्हता, तो धाग्यात गेलेला होता.

हे कापड युरोपात इतकं खपलं, की तिथले विणकर हवालदिल झाले. फ्रान्सनं १६८६ मध्ये त्यावर बंदी घातली. इंग्लंडनं १७०० च्या कायद्यानं देशात वापरण्यासाठी आणायला आणि १७२१ च्या कायद्यानं वापरायलाही मनाई केली. धुतल्यावर न जाणाऱ्या रंगासाठी सरकारांना कायदे करावे लागले, विचार करा.

दुसरी अडचण संख्येची. ठशानं छापायचं म्हणजे हातानं एकेक ठसा मारत जायचं. १७८३ मध्ये थॉमस बेल यांनी कोरलेल्या धातूच्या रुळानं कापड छापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. कापड एकीकडून आत, नक्षी उमटून दुसरीकडून बाहेर. पण रूळ कोरायला वेळ आणि पैसा भरपूर लागायचा. म्हणून एकच नक्षी हजारो वार छापली तरच ते परवडायचं. पुढे लँकेशायरचं असं स्वस्त कापड आपल्याच बाजारात आलं आणि इथल्या कारागिरांच्या पोटावर पाय आला. म्हणजे छपाईची पद्धत बदलली, की कोणाची चूल पेटते आणि कोणाची विझते, तेही बदलतं.

मग थोड्या प्रती हव्या असणाऱ्यांनी काय करायचं? इथे येते स्क्रीन. जपानमध्ये कागदी साचे कापून कापड छापायची कला जुनी होती. १९०७ मध्ये मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी रेशमी जाळीतून रंग दाबून छापण्याचं पेटंट घेतलं. लाकडी चौकट, ताणलेली जाळी आणि रबराची पट्टी. बास, झाला छापखाना! म्हणूनच मे १९६८ मध्ये पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी कलाशाळेत पोस्टरं छापताना दगडावरची संथ छपाई सोडून स्क्रीन हातात घेतली. आपल्याकडे लहान गावांतही लग्नपत्रिका याच पद्धतीनं छापल्या गेल्या. तुमच्या ओळखीतल्या एखाद्या काकांच्या दुकानात ती चौकट अजून असेल.

टी-शर्ट तोवर आतून घालायचा कपडा होता. जुलै १९४२ मध्ये 'लाइफ' मासिकाच्या मुखपृष्ठावर अमेरिकेच्या हवाई दलाच्या गनरी स्कूलचं नाव छापलेला टी-शर्ट घातलेला सैनिक झळकला. १९६०च्या दशकात मायकेल व्हॅसिलॅन्टोन यांनी अनेक रंग एकामागून एक छापणारं फिरतं यंत्र बनवलं आणि छापील टी-शर्ट सगळीकडे पसरला.

पण स्क्रीनची एक अट आहे: जितके रंग, तितक्या स्क्रीन. एका रंगात दोनशे टी-शर्ट काढले तर खर्च वाटला जातो. सहा रंगांत पाचच काढले तर खिसा रिकामा. शिवाय प्लॅस्टिसॉल शाई कापडावर बसते. तिला साधारण १६० अंशांची उष्णता नीट मिळाली तर ती वर्षानुवर्षं टिकते. घाईत कच्ची राहिली तर तडकते.

तिसरी अडचण नव्या कापडाची. पॉलिस्टरला फिटकरी वगैरे काही लागू पडत नाही. १९५७ च्या सुमारास फ्रान्समध्ये नोएल द प्लास यांना दिसलं, की काही रंग तापवले की थेट वाफ होतात आणि पॉलिस्टरमध्ये शिरतात. हेच सब्लिमेशन. साधारण २०० अंशांच्या उष्णतेत दाब दिला, की रंग धाग्यात जातो. हाताला लागत नाही, सोलत नाही. आपल्या जर्सी अशाच छापतात. मात्र सुती कापडावर तो टिकत नाही आणि गडद कापडावर दिसत नाही, कारण यात पांढरा रंगच नसतो.

चौथी अडचण: मला एकच हवाय! अमेरिकेत मॅथ्यू ऱ्होम यांनी १९९६ मध्ये कपड्यावर थेट छापणाऱ्या इंकजेट यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. तीच डीटीजी. सुती कापडावर फोटोसारखं चित्र उमटतं, साचा लागत नाही. अलीकडची डीटीएफ आधी फिल्मवर छापते, त्यावर डिंकासारखी पावडर टाकते आणि हीट प्रेसनं सगळं कापडावर चिकटवते. कुठलंही कापड, कुठलाही रंग चालतो. पण ते शेवटी चिकटवलेलंच. मोठा ठोकळा छापला तर त्याखाली घाम येतो.

तर मी निवड अशी करतो. आधी कापड विचारायचं, मग संख्या, मग रंग. पॉलिस्टरची पांढरी जर्सी असेल तर सब्लिमेशन. सुती कापड, एक-दोन रंग आणि पन्नासच्या पुढे नग असतील तर स्क्रीन. सुती कापडावर एक-दोनच नग आणि फोटो हवा असेल तर डीटीजी. गडद किंवा मिश्र कापड, थोडे नग आणि छोटा रंगीत लोगो असेल तर डीटीएफ.

आणि पैसे देण्याआधी एक नमुना मागा. तो घरी नेऊन उलटा करून तीन वेळा धुवा, हातानं थोडा ताणून बघा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे. पथकातल्या ज्या पोरानं क्लासची फी भरून उरलेले पैसे वर्गणीत दिलेत, त्याला वर्षभर तोच टी-शर्ट घालायचाय.