गिरणगावची उधारी

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास सांगावयाचा म्हणजे १८५४ पासून आरंभ करावयाचा, असा प्रघात आहे. त्या साली कावसजी नानाभाई दावर यांनी कंपनी काढली, दोन वर्षांनी ताडदेवास चाती फिरू लागली, आणि मग मालक, भांडवल, संप व पुढारी अशी कहाणी पुढे सरकते. सभांतून ही कहाणी आम्हीही पुष्कळदा सांगितली आहे. परंतु लालबागेत लहानाचे मोठे झाल्यामुळे तीतील एक उणीव आम्हांला नेहमी खुपत आली. १९२८ साली सुमारे दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संपावर होते. सहा महिने पगार नाही. मग ही माणसे जेवली कशी? संप-समितीने धान्य वाटले, बाहेरून मदत आली, पुष्कळजण गावी गेले, हे सर्व खरे. तरीही हिशोब जुळत नाही. तो जुळवावयाचा तर गिरणीचे फाटक सोडून वस्तीत शिरले पाहिजे.

चिंचपोकळी स्टेशनचा पूल उतरून लालबागकडे वळावे. आज तेथे डोक्यावरून उड्डाणपूल जातो आणि चाळींच्या जागी उंच मनोरे उभे राहिले आहेत. तरी मसाला कुटून देणारी दुकाने आहेत, चिवडा गल्ली आहे, आणि मागच्या अंगास एखादी जुनी चाळ अजून सापडते. तिच्या खोल्यांतून एके काळी रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसे दाटीने राहत. एका गावाच्या मंडळींनी मिळून एक खोली घ्यावी, भाडे वाटून घ्यावे, पेट्या भिंतीशी मांडाव्यात. रात्रपाळीचा गडी परतला की दिवसपाळीवाल्याची वळकटी उचलली जावी. बायकामुले गावी, चूल नाही. म्हणून खानावळ.

खानावळ म्हणजे पाटी लावलेले दुकान नव्हे. कामगाराची बायको किंवा विधवा आपल्याच खोलीत दहा-पंधरा माणसांचा स्वयंपाक करी. पैसे महिन्याच्या पगारानंतर. एखादा जेवला नाही तर खाडा मांडावयाचा. म्हणजे महिनाभर ती बाई कामगारांना उधार जेवू घालीत असे आणि वाणी तिला उधार धान्य देत असे. गिरणीचा पगार महिना भरल्यावर होई. तोवर भांडवल पुरविले ते या बाईने, हे कोणत्याही मालकाच्या ताळेबंदात लिहिलेले नाही. पुष्कळजणी सावकाराच्या व्याजात बुडालेल्या असत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अशा चौदा बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले व त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले.

ही वस्ती म्हणजे एकोप्याचे नंदनवन होते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. गावाची खोली ती बहुधा जातीचीही खोली. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे. एवढ्या निमित्ताने अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात मज्जाव होता, आणि पगार तर त्याच खात्यात अधिक. १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर मांडला. आमच्या चळवळीने तो हवा तेवढ्या निकराने हाती घेतला नाही, हे कबूल केले पाहिजे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, तेव्हा आम्ही शाळेत होतो. आमच्या आईकडे अकरा गडी जेवत. पहिले दोन महिने तिने ताटात काही कमी केले नाही. पुढे मासळी बंद झाली, मग पितळेची भांडी गहाण पडली. तिची समजूत अशी की संप आज ना उद्या मिटेल, गडी कामावर जातील आणि बाकी फिटेल. मागच्या संपांत असेच झाले होते. उधारी ही पुढच्या पगाराच्या भरवशावर चालते. या वेळी काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे गेले, संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि एक लाखाहून अधिक माणसे कायमची बेकार झाली. आषाढात वाण्याने हात आखडता घेतला. गडी एकेक करून गावी गेले. बाकी वहीत राहिली.

१९९१च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकावयास वाट मोकळी झाली. फिनिक्स गिरणीच्या जागी मॉल झाला. पुढे लढून कामगारांसाठी काही घरे मिळाली. त्यांचे अर्ज भरून देण्याचे काम आम्ही केले आहे. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर नाव असल्याचा पुरावा लागतो. खानावळवाल्या बायका येत, बाकावर बसत, आणि आपले काही होईल का म्हणून विचारीत. त्यांचे नाव कोणत्याच पटावर नव्हते. आम्ही त्यांना चहा देत असू.

आईची वही आमच्याकडे आहे. अकरापैकी तिघांनी पुढे पैसे आणून दिले. त्यांतला एक १९९६ साली आला, पैशांऐवजी गावचे तांदूळ घेऊन. आईने पोते हाताने जोखले, त्याच्या नावावर काट मारली, आणि त्याला जेवावयास बसविले.