भक्त आणि विभक्त



'सहभाग' हा शब्द अलीकडे सारखा कानावर येतो. ग्रामसभेच्या सूचनेत असतो, शाळेच्या कार्यक्रमपत्रिकेत असतो, नव्या सभामंडपाच्या भिंतीवर 'लोकसहभागातून' अशी पाटी असते. शब्द नवा वाटतो, पण त्याच्या पोटातला 'भाग' फार जुना आहे. संस्कृतात 'भज्' असा धातू आहे. वाटून घेणे, वाट्याला येणे, सेवा करणे असे त्याचे अर्थ. 'भाग' त्याच्यापासून झाला, 'भजन' त्याच्यापासून झाले, 'भक्त' आणि 'भक्ती'ही त्याच्यापासूनच. पंगतीत आपण जो भात वाढतो, त्या शब्दाचे मूळही 'भक्त' हेच. संस्कृतात भक्त म्हणजे शिजवलेले अन्न असाही अर्थ आहे. आणि या धातूला मागे 'वि' लागला की 'विभक्त' होतो, म्हणजे वाटणी करून निराळा झालेला.

तेव्हा भक्त म्हणजे ज्याने आपला भाग उचलला तो. हा अर्थ मनात धरून आपल्या संप्रदायाच्या इतिहासाकडे एकदा पाहू. कोणी कोणता भाग उचलला, कोणाला तो उचलू दिला नाही, आणि आज आपल्या वाट्याला काय आले आहे, एवढेच या लेखात पाहायचे आहे.

संतांची नावे आपण रोज घेतो. त्यांचे शब्द लिहून ठेवणाऱ्यांची नावे किती जणांना येतात? जनाबाईंच्या नावावर एक अभंग आहे, त्यात कोणत्या संताचा लेखक कोण, याची यादीच दिली आहे. निवृत्तिनाथांचे बोल सोपानदेवांनी लिहिले, मुक्ताईची वचने ज्ञानदेवांनी लिहिली. चांगदेवांचा लिहिणारा शामा कासार, सावता माळ्यांचा काशिबा गुरव, चोखोबांचा अनंतभट्ट. आणि जनीचा लेखक प्रत्यक्ष पांडुरंग. ही यादी नीट पाहा. माळ्याचा शब्द गुरवाने लिहिला. महाराच्या तोंडचा शब्द ज्याने टिपला, त्याच्या नावाला 'भट्ट' जोडलेले आहे. आणि दासीचा शब्द लिहायला देव बसला. त्या काळच्या गावगाड्यात कोणी कोणाशेजारी बसावे याचे नियम कडक होते; पण बोलणारा आणि लिहिणारा यांना जवळ बसावेच लागते. मनात आणा: एक बोलतो आहे, दुसरा मान खाली घालून ऐकतो आहे, एखादा शब्द निसटला तर 'पुन्हा सांगा' म्हणतो आहे. इतिहासातला सहभाग असा असतो. त्यात आपला आवाज थोडा आणि कान मोठा लागतो.

ज्ञानेश्वरीचा शेवट आठवा. शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये ज्ञानदेवांनी टीका केली हे तिथे सांगितले आहे, आणि त्याच ओवीत लेखक म्हणून सच्चिदानंदबाबांचे नाव आहे. एवढा मोठा ग्रंथ सांगणाऱ्याच्या शेजारी लिहिणाऱ्यालाही जागा मिळाली. त्या ओवीत लिहिण्याला 'आदरें' हे विशेषण जोडले आहे, ते मला फार मोलाचे वाटते. पैशासाठी किंवा धाकाने लिहिले असते तर तिथे दुसरा शब्द आला असता.

पुढे तीनशे वर्षे ज्ञानेश्वरी हातोहाती उतरत गेली. उतरताना चुका झाल्या, कोणी आपली भर घातली, पाठ बिघडला. शके १५०६, म्हणजे १५८४ साली एकनाथ महाराजांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि यापुढे कोणी आपल्या पदरच्या ओव्या यात घालू नयेत, असे बजावले. नाथ स्वतः थोर कवी होते. एखादी ओवी तुटकी दिसली तर ती सहज पुरी करण्याची प्रतिभा त्यांच्यापाशी होती. तरी त्यांनी हात आवरला. आजच्या विद्यापीठांत ज्याला पाठसंशोधन म्हणतात, ते पैठणात सव्वाचारशेहून अधिक वर्षांपूर्वी भक्तीचे काम म्हणून झाले. 'संशोधन म्हणजे श्रद्धेवर घाला' असे आपल्यातले काही जण म्हणतात, त्यांनी नाथांचे हे काम आठवावे. शोधन म्हणजे शुद्ध करणे. आणि जे आपल्याला प्रिय आहे तेच माणूस शुद्ध ठेवतो.

तुकोबांच्या गाथेची हकीकतही अशीच. संताजी जगनाडे हे चाकणचे तेली, तुकोबांचे टाळकरी. त्यांच्या हातच्या अभंगांच्या वह्या त्यांच्या घराण्यात राहिल्या. कडूसच्या गंगाजी मवाळांचे नावही लेखक म्हणून परंपरा सांगते. १८६९ आणि १८७३ साली मुंबईत इंदुप्रकाश छापखान्यातून सरकारी साहाय्याने गाथा दोन खंडांत निघाली, तेव्हा विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित या विद्वानांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या हस्तलिखित वह्या मिळवून पाठ ताडले. पुढे वि. ल. भावे यांनी संताजींच्या वह्यांवरून गाथा प्रसिद्ध केली. पुस्तकावर संपादकांचे नाव असते, ते असावेच. पण दोनशे वर्षे त्या वह्या कोणी सांभाळल्या? घरात पावसाचे पाणी शिरले तेव्हा त्या माळ्यावरून कोणी खाली काढल्या, वाळवी लागू नये म्हणून कोणी उन्हात घातल्या, पुन्हा फडक्यात कोणी बांधल्या? त्यातल्या कितीतरी हातांना अक्षर येत नसेल. तरी ते हात त्या संशोधनात सहभागी आहेत. ते नसते तर विद्वानांनी ताडायचे तरी काय?

इथवर सारे गोड आहे. आता कडू सांगतो, कारण त्यावाचून गोष्ट खोटी होईल.

चोखोबांचा शब्द अनंतभट्टांनी लिहिला, तो दिंड्यांत गायला गेला, फडाफडांच्या भजनमालिकांत बसला. पण चोखोबा स्वतः महाद्वाराबाहेर राहिले. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर ते गाडले गेले. साल १३३८. नामदेवराय गेले, त्यांनी अस्थी पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी झाली. आपण नामदेव पायरीला हात लावतो आणि समोर चोखोबांना नमस्कार करतो. पण त्यांच्या जातीच्या माणसाला ती पायरी ओलांडून गाभाऱ्यापर्यंत जायला १९४७ साल उजाडावे लागले. साने गुरुजींनी आधी महिनोन्महिने महाराष्ट्रभर फिरून लोकांची मने वळवली, आणि मग १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण आरंभले. दहा दिवसांनी मंदिर सर्वांना खुले करण्याचे ठरले. त्या दिवसांत गुरुजींना जागा देणारा एक मठ वारकऱ्यांचा होता, हे आपण अभिमानाने सांगतो. पण गुरुजींना विरोध करणाऱ्यांतही तुळशीमाळ घातलेले लोक होते, हेही तितक्याच सरळपणे सांगितले पाहिजे.

१३३८ ते १९४७. सहाशे नऊ वर्षे आपण चोखोबांचा अभंग आत घेतला आणि चोखोबांच्या लेकराला बाहेर ठेवले. शब्दाला भक्त मानले आणि माणसाला विभक्त केले. सहभागाची याहून कठीण कसोटी मला दुसरी ठाऊक नाही. कोणाचे गाणे, कोणाचे श्रम, कोणाची वर्गणी आपल्याला चालते, पण तो शेजारी बसलेला चालत नाही, हे ज्या समाजाने स्वतःला विचारले नाही, त्याने सहभाग हा शब्द जपून वापरावा.

ही कसोटी आपल्याला बाहेरून आलेल्या अभ्यासकांनीही लावून दाखवली. इरावती कर्वे मानवशास्त्राच्या मोठ्या विदुषी. त्या आळंदीच्या पालखीबरोबर पायी चालल्या आणि त्यावर त्यांनी 'वाटचाल' हा लेख लिहिला. १९४९ च्या 'परिपूर्ती' या पुस्तकात तो आहे. वारीत त्यांना सारा महाराष्ट्र भेटला, भाषा भेटली, माणसांचे प्रेम भेटले, हे त्यांनी भरभरून लिहिले. पण त्याच लेखात त्यांनी हेही नोंदवले की एका दिंडीतले ब्राह्मण आणि मराठा वारकरी एकत्र चालतात, एकत्र अभंग म्हणतात आणि मुक्कामाला पोचले की निराळी चूल मांडून निराळे जेवतात. ही गोष्ट त्यांना बोचली. दि. बा. मोकाशी हे कथाकारही असेच चालत गेले आणि १९६४ साली त्यांचे 'पालखी' हे पुस्तक आले.

हे दोघे घाटावर मोटार लावून दुर्बिणीतून पाहणारे नव्हते. चालणाऱ्याच्या पायाला फोड येतात, त्याला पाणी मागावे लागते, रात्री कोणाच्या तरी पालात अंग टेकावे लागते. ज्याच्या हातचे पाणी प्यायले, त्याच्याबद्दल माणूस उथळ लिहीत नाही. पण मिंधा होऊन खोटेही लिहू नये. इरावतीबाईंनी प्रेमही लिहिले आणि दोषही लिहिला, म्हणून त्या मला दिंडीतल्याच वाटतात. वीणेची तार उतरली तर शेजारचा टाळकरी हळूच खूण करतो. वीणेकरी त्याच्यावर रागावत नाही, खुंटी पिळतो.

मतभेद झाला तर काय करावे, याचाही धडा आपल्याकडे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'सुधारक' पत्रात शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' या नावाने लेख लिहिले आणि ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानेश्वर निराळे, अभंग रचणारे ज्ञानदेव निराळे, असे मत मांडले. संप्रदायात खळबळ उडाली. भिंगारकरबुवांनी त्याला लेखणीनेच उत्तर दिले. त्या वादामुळे कितीतरी जणांनी ज्ञानेश्वरी आणि अभंग पुन्हा बारकाईने वाचले. प्रश्नाला वाचून उत्तर देणे हाही संशोधनातला सहभागच. आरडाओरडा करणाऱ्याचा त्यात काही भाग नसतो.

मग माउली, आज आपल्या वाट्याला काय आले आहे?

तुमच्या दिंडीची जुनी वही आहे का, ते आधी पाहा. भिशीचा हिशेब, मुक्कामाच्या गावांची यादी, कोणी किती शिधा दिला, वाटेत कोणाचा देह पडला, हे ज्यात टिपले असते ती वही. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या पालखीला आजची शिस्त लावली, अंकलीच्या शितोळे सरकारांकडून अश्व येऊ लागले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तुमच्या गावाची दिंडी कोणी सुरू केली, पहिली पताका कोणाच्या खांद्यावर होती, हे तुमच्या वहीखेरीज कुठे मिळणार? ती वही रद्दीत जाऊ देऊ नका. तिचे फोटो काढून ठेवा. नातवाच्या हातातला मोबाइल यापेक्षा चांगल्या कामी क्वचितच लागेल.

घरातल्या म्हाताऱ्यांना बोलते करा. जुन्या चाली त्यांच्या गळ्यात आहेत आणि गळ्याबरोबर जातील. मृदंगावर कोण होते, तुळशीवृंदावन डोक्यावर घेऊन कोण चालत असे, स्वयंपाकाला पहाटे कोण उठे, हेही विचारा. बायकांची नावे विशेष करून विचारा. मुक्ताई, जनाबाई, सोयराबाई, बहिणाबाई ही नावे घेतल्याशिवाय आपले कीर्तन पुरे होत नाही. पण आपल्या दिंडीत वीणा बाईच्या गळ्यात कधी होती का, हे वहीत पाहा. नसेल, तर का नाही, हेही एकदा एकत्र बसून बोला.

विद्यापीठातली मुले-मुली आता वही आणि कॅमेरा घेऊन वारीत येतात. त्यांना टाळू नका, आणि फुगवून सांगूही नका. जे डोळ्यांनी पाहिले ते 'पाहिले' म्हणून सांगा, जे गुरूंकडून ऐकले ते 'ऐकले' म्हणून सांगा, आणि ठाऊक नसेल तर तसे म्हणा. ताहराबादच्या महिपतींनी 'भक्तविजय' लिहिताना आपण नाभाजी आणि उद्धवचिद्‌घन यांच्या आधारे लिहितो, हे स्पष्ट सांगून ठेवले. संतचरित्रे लिहिणाऱ्याला जर आधार सांगण्यात कमीपणा वाटला नाही, तर आपल्याला का वाटावा? आणि त्या मुलांनाही मी एक सांगेन. ज्यांच्याकडून घेतले, त्यांना लिहून झाल्यावर दाखवा. प्रबंधाची एक प्रत त्या फडावर पोचू द्या. सच्चिदानंदबाबांनी ज्यांचे शब्द लिहिले, त्यांच्यासमोर बसूनच लिहिले.

कीर्तनकार म्हणून पन्नास वर्षे नारदाच्या गादीवर उभा राहिलो. एक गोष्ट तिथे रोज दिसते. कीर्तनकाराने चरण सोडला की टाळकरी तो उचलतात, आणि तोवर कीर्तनकाराला श्वास मिळतो. टाळकऱ्यांनी उचलला नाही तर मोठा पंडितही अर्ध्या तासात बसेल. नाव मात्र पत्रिकेत त्याचे छापतात.

वारीची सांगता काल्याने होते. गोपाळपुरी जो तो आपली शिदोरी आणतो. कोणाच्या फडक्यात लाह्या, कोणाकडे पोहे, कोणाकडे दही, तर कोणाकडे नुसतीच हिरवी मिरची. सगळे एकत्र कालवले की कोणाचे कोणते हे उरत नाही, आणि वाट्याला येते ते प्रत्येकाला सगळ्यांचे येते. पण काला होण्यापूर्वी एक अट आहे. आपली शिदोरी घरून बांधून आणावी लागते, आणि शेजाऱ्याच्या शिदोरीला हात लावू देताना नाक मुरडून चालत नाही. इतिहासाचा, समाजाचा आणि अभ्यासाचा काला याच अटीवर होईल. तुमच्या फडक्यात काय आहे ते सोडून पाहा. थोडे असेल तरी चालेल, आणा.