शब्दवेध : गॉसिप

जुन्या इंग्रजीत मूळ शब्द ‘गॉडसिब’. ‘गॉड’ म्हणजे देव, ‘सिब’ म्हणजे आप्त. ‘सिब्लिंग’मध्येही तोच दडलेला आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची जबाबदारी घेणारे धर्मपिता किंवा धर्ममाता म्हणजे गॉडसिब. पुढे बाळंतिणीजवळ जमणाऱ्या सख्यांना हा शब्द लागला, मग त्यांच्या बोलण्याला. बायकांचं बोलणं म्हणून त्याला चहाडीचा वास चिकटवला गेला, हा शब्दावर आणि बायकांवरही अन्यायच.

संगणकशास्त्राने त्याची अब्रू परत मिळवून दिली. झेरॉक्स कंपनीच्या जाळ्यात कुठली सेवा कुठल्या पत्त्यावर आहे, याची नोंदवही अनेक सर्व्हरांवर ठेवलेली असे. बदल सर्वांना टपालाने कळवायचे, तर तीनशे ठिकाणांसाठी एका रात्रीत 90,000 निरोप जाऊ शकत. ॲलन डेमर्स आणि सहकाऱ्यांनी 1987 साली वेगळा मार्ग मांडला: प्रत्येक यंत्राने अधूनमधून कुठल्याही एका यंत्राला गाठावं आणि आपापल्या नोंदी ताडून पाहाव्यात. बातमी कर्णोपकर्णी पसरते, म्हणून या पद्धतीलाही ‘गॉसिप’ म्हणतात. यंत्रं दुप्पट झाली तरी साधारण एक-दोन फेऱ्याच वाढतात, आणि मधलं एखादं बंद पडलं तरी काही अडत नाही.

2000 साली वाहदात आणि बेकर यांनी हीच युक्ती सलग जोडणीच नसलेल्या जाळ्यांत वापरली. दोन उपकरणं जवळ आली की आपल्याकडचे निरोप एकमेकांना देतात. केंद्रावर विसंबलेली जाळी केंद्रासोबत कोसळतात, ही तगतात.