सांक नदीच्या काठानं

लष्करातून तिघऱ्याला सायकलनं जायचं असेल तर पहाटे पाचला निघावं. साडेसातनंतर ग्वाल्हेरचं ऊन कुणाची भीडभाड ठेवत नाही, आणि बाड्यावर एकदा टेम्पो लागायला सुरुवात झाली की सायकलवाल्याला वाट मिळणं मुश्कील. अंतर वीस-बावीस किलोमीटर. महाराजबाड्यावरून निघून किल्ला उजव्या हाताला ठेवायचा. उरवाईच्या खिंडीचं तोंड, बहोडापूर आणि मोतीझील मागे पडले की शहर संपतं, आणि मग मोहरीची शेतं, खडकाळ माळ, बाभळी. शेवटी डोळ्यांसमोर अचानक एवढं पाणी येतं की नव्यानं आलेली प्रत्येक जण पॅडल मारायचं थांबते.

आम्ही सहाजणी जातो. बहुतेक पन्नाशीच्या पुढे-मागे, मुलं मार्गाला लागलेल्या. दोघी आमच्या समाजातल्या, एक शेजारची मराठी वहिनी, एक पंजाबी, एक निवृत्त शिक्षिका. माझं माहेर पुण्याचं. आमच्या कॉलेजच्या दिवसांत पुण्यात पोरीबाळी सायकलवर असणं ही सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. चेन पडली तर काळ्या हातांनी ती बसवून, ओढणीला बोटं पुसून तासाला हजर व्हायचं. लग्न होऊन लष्करात आले आणि सायकल सुटली. कुणी बंदी घातली नव्हती. घरात सुनेसाठी सायकल ही कल्पनाच नव्हती, इतकंच. पुढे तीस वर्षं तिघऱ्याला मोटारच्या मागच्या सीटवर बसून गेले, मांडीवर डबे धरून. रस्ता पाहिला नाही, पोचल्यावर पुऱ्या वाढल्या.

सायकलवरून जाताना पहिला थांबा उरवाईशी. किल्ल्याच्या कड्यात कोरलेल्या आमच्या तीर्थंकरांच्या मूर्ती इथे आहेत. तोमर राजा डुंगरसिंह आणि त्याचा मुलगा कीर्तिसिंह यांच्या काळात, म्हणजे पंधराव्या शतकात, श्रावकांनी त्या घडवून घेतल्या. सगळ्यांत उंच आदिनाथांची मूर्ती सतरा मीटरच्या आसपास भरते. बाबर १५२८ मध्ये ग्वाल्हेरला आला होता. या मूर्ती फोडण्याचा हुकूम आपण दिला, हे त्यानं स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय. पुढे लोकांनी कित्येक मुखांना चुन्याचा गिलावा देऊन ती पुन्हा घडवली. मला इथं थांबायला आवडतं ते भक्तीनं, पण आणखीही एका कारणानं. कोणत्या राजाच्या राज्यात, कोणत्या संवतात, कुणाच्या पैशानं मूर्ती झाली, ते तिथल्या शिलालेखांत कोरलेलं आहे. फोडणाऱ्याचंही नाव माहीत आहे. पाच-सहाशे वर्षांपूर्वीची गोष्ट आणि तिचा हिशेब असा चोख.

आता तिघऱ्याकडे. या तलावाची गोष्ट जेमतेम शंभर वर्षांपूर्वीची आहे, आणि तिचा हिशेब लागत नाही.

धरण सांक नदीवर, माधवराव महाराज शिंद्यांच्या कारकिर्दीत झालं. दौलतरावांच्या फौजेचा तळ १८१० मध्ये इथं पडला आणि त्या तळाचंच लष्कर नावाचं शहर झालं. शहर वाढलं तशी पाण्याची ओढाताण वाढली. माधवरावांना यंत्रांची मोठी हौस. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर पदार्थ वाढणारी चांदीची छोटी आगगाडी जयविलास महालात आजही पाहुण्यांना दाखवतात. पण हौसेबरोबर त्यांना कामाचीही निकड होती. राज्यात रूळ टाकले, कालवे काढले, तलाव बांधले. तिघऱ्याचं धरण चुन्यात दगड बसवून बांधलेलं, २४ मीटर उंच. १९१७ च्या पावसाळ्यात ते नवंकोरं होतं.

१९ ऑगस्ट १९१७. रविवार होता. पाणी धरणाच्या माथ्यावरून वाहू लागलं. ४०० मीटर लांबीवरून ०.८५ मीटर जाडीचा थर, म्हणजे आपल्या कंबरेएवढं पाणी, एका वेळी भिंतीवरून खाली पडत होतं. पण भिंत काही वरून झिजून पडली नाही. घात तळाशी झाला. पायाच्या वालुकाश्माच्या थरांत पाणी शिरलं होतं. ओल्या ओट्यावर भरलेलं पातेलं ठेवून बघा. पातेलं जड असतं, तरी जरा धक्का लागला की सरकतं. तसंच झालं. भिंतीचे दोन मोठे भाग सबंधच्या सबंध पुढे ढकलले गेले आणि साठलेला तलाव सांकेच्या पात्रातून खाली सुटला.

माणसं किती गेली? जगातल्या धरणफुटींच्या याद्यांत तिघऱ्यापुढे ‘एक हजार’ असा आकडा दिसतो, जास्तही असतील अशी पुस्ती जोडून. मी घरखर्चाची वही तीस वर्षं लिहितेय. गोल आकडा कधी लिहिला जातो ते मला कळतं. मोजलेला आकडा सहसा वाकडातिकडा येतो, नऊशे त्र्याऐंशी किंवा अकराशे सात. हजार म्हणजे कुणी दारोदार जाऊन नावं घेतली नाहीत.

मराठी वाचकाला इथं पानशेत आठवल्याशिवाय राहणार नाही. १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासल्याची भिंतही गेली आणि भर दिवसा पुण्याच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आई तेव्हा शाळेत होती. गच्चीवरून तिनं वाहत जाणारं लाकडी कपाट पाहिलं होतं, आणि त्यातल्या साड्यांचा रंग तिला म्हातारपणापर्यंत आठवत होता. पुण्यात त्या पुराची आठवण घराघरांत आहे. भिंतींवर पाण्याच्या खुणा दाखवत, ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुरानंतर’ असं बोलत एक पिढी म्हातारी झाली. चौकशी आयोग बसला, लेख आले, पुस्तकं आली. आज त्याच खडकवासल्याच्या आणि पानशेतच्या पाण्याकडेनं रविवारी सकाळी सायकलींचे थवेच्या थवे जातात. माझी वहिनीही असते त्यांत. सिंहगडाच्या पायथ्याशी पिठलं-भाकरी खाऊन परत. आणि त्यांतल्या कुणालाही विचारा, पानशेत फुटलं होतं हे ठाऊक असतं.

या दोन धरणांत एक नातंही आहे. विश्वेश्वरय्यांनी पाणी वाढलं की आपोआप उघडणारे दरवाजे पहिल्यांदा बसवले ते खडकवासल्याला, १९०३ मध्ये. तीच पद्धत पुढे ग्वाल्हेरच्या तिघऱ्याला आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागराला वापरली गेली. म्हणजे पुण्याची युक्ती ग्वाल्हेरला आली. पुण्यासारखी आठवण मात्र इथं राहिली नाही.

असं का, याचा विचार मी पॅडल मारताना पुष्कळ केलाय. संस्थानी मुलूख होता, महायुद्धाचे दिवस होते, वर्तमानपत्रं मोजकी होती, हे सगळं खरंच. पण मला वाटतं मुख्य कारण नकाशात आहे. पुणं धरणाच्या खाली आहे. मुठेचं पाणी शहरात शिरलं, शिकल्यासवरल्या घरांत शिरलं, आणि त्या घरांनी ते लिहून ठेवलं. मुठेकाठच्या खेड्यांत काय झालं ते आपल्यालाही कितीसं ठाऊक असतं? ग्वाल्हेर सांकेच्या वाटेवर नाही. आपल्याकडे तिघऱ्याचं पाणी येतं ते नळानं. फुटलेलं पाणी गेलं मुरैन्याच्या बाजूला, शेतकऱ्यांच्या आणि गुराख्यांच्या वस्त्यांतून. पाणी शहराचं, पूर खेड्यांचा. भिंत १९२९ मध्ये पुन्हा उभी राहिली. ती आज आपण बघतो, तिच्यासमोर फोटो काढतो.

आमच्या घरी आजही पाणी गाळून घेतात. सासूबाई दुहेरी गाळणं धरायच्या आणि गाळण्यात राहिलेले जीव पुन्हा पाण्यात सोडायच्या. पाण्यातल्या न दिसणाऱ्या जिवाची एवढी काळजी. ते पाणी तिघऱ्याचंच होतं. त्या पाण्यानं गेलेल्या माणसांचं नाव मात्र लष्करातल्या तीस वर्षांत एकदाही कुणाच्या तोंडून ऐकलं नाही, अगदी चातुर्मासात रोज दुपारी दहा बायका एकत्र बसतात तिथंही नाही.

माझी भाची आयर्लंडात असते, शॅनन नदीकाठच्या लिमरिक शहरात. सुट्टीच्या दिवशी ती आणि तिचा नवरा सायकली घेऊन लॉख डर्ग नावाच्या तळ्याकडेनं फिरतात आणि मला फोटो पाठवतात. अरुंद रस्ते, दोन्हीकडे दगडी गडगे, हिरवं गच्च, आणि किलालू नावाचं चिमुकलं गाव, नदीवर जुना कमानींचा पूल. ‘मावशी, पाऊस थांबतच नाही, पण रेनकोट घालून जातोच,’ म्हणते. तिथंही नदी अडवली आहे. १९२५ ते १९२९ या काळात शॅननवर विजेसाठी धरण आणि कालवा झाला. म्हणजे आपली तिघऱ्याची भिंत दुसऱ्यांदा पुरी झाली, तेच साल. पाणी चढणार म्हणून नदीतल्या बेटावरचं एक जुनं, लहानसं दगडी प्रार्थनामंदिर त्यांनी दगड न् दगड उचलून किलालूत, टेकडीवरच्या चर्चच्या आवारात नेऊन बसवलं. भाचीनं त्याचाही फोटो पाठवला. चार भिंतींची खोली, आपल्या देवडीएवढी. हा देश गरीब होता, नुकता स्वतंत्र झाला होता, तरी एवढं त्यांना सुचलं.

सायकलवरून जग बघणारी बाईही तिथलीच. डर्व्हला मर्फी. दहाव्या वाढदिवसाला तिला सायकल आणि नकाशांचं पुस्तक भेट मिळालं आणि तिनं ठरवलं, एक दिवस सायकलनं भारतात जायचं. पण चौदाव्या वर्षी शाळा सोडून ती आजारी आईच्या सेवेला घरी राहिली. आई गेली १९६२ मध्ये, आणि १९६३ च्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, ही एकटी निघाली. युरोप, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत उन्हाळ्यात दिल्लीला पोचली. लोक तिच्या पिस्तुलाबद्दल बोलतात. मला विचार पडतो तो मधल्या वर्षांचा. पथ्यपाणी, औषधं, अंथरूण, आणि भिंतीला टेकून ठेवलेली सायकल. हे मी आमच्या गटात सांगितलं तेव्हा शिक्षिकाबाई एवढंच म्हणाल्या, ‘तिला एकतिसाव्या वर्षी सुटका मिळाली, मला अठ्ठावन्नाव्या.’ मग हवा तपासून निघाल्या. चाकात ती हवा भरायची युक्तीही आयर्लंडचीच बरं का! १८८८ मध्ये बेलफास्टला डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरनं मुलाच्या तीनचाकीसाठी केली.

गेल्या हिवाळ्यात आम्ही ठरवलं की वरचं पाणी पुष्कळ पाहिलं, आता खालचं बघू. म्हणून तिघऱ्याला न जाता आग्रा रस्त्यानं नूराबादला गेलो. रस्ता चांगला, पण ट्रकांची भीती वाटते. एकामागे एक, अगदी कडेनं, आणि धुकं असेल तर जाऊच नये. नूराबादला सांकेवर मोगलांच्या वेळचा दगडी पूल आहे, टोकांना मिनार असलेला. जवळच गुन्ना बेगमची कबर आहे. ती कवयित्री, दिल्लीच्या वजीर इमाद-उल-मुल्कची बायको. १७७५ मध्ये वारली. तिच्या कबरीवर तिचं नाव आणि तिच्या जाण्याचं दुःख कोरलेलं आहे. दिल्लीपासून इतक्या दूर, आडवाटेच्या गावात.

पुलावर सायकली टेकवून खाली पाहिलं. थंडीतली सांक, पाणी ओंजळभर. कडेला धुणं वाळत घातलेलं. १९१७ चा लोंढा खाली आला तो याच पात्रानं. पूल उभा राहिला. काठच्या कच्च्या घरांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

चहाच्या टपरीवर एक आजीबाई बसल्या होत्या. मी विचारलं, अम्मा, कभी तिघरा का बाँध टूटा था, सुना है? त्यांनी माझ्या हेल्मेटकडे पाहिलं, मग नदीकडे. ‘टूटा होगा,’ म्हणाल्या. ‘नदी तो हर किसी की कुछ न कुछ ले गई है.’ आणि आम्ही सगळ्या जणी घरच्यांना सांगून आलो आहोत ना, ते विचारलं.

तिघरा ते नूराबाद नदीकाठानं सलग रस्ता नाही. गाडीवाटा आहेत, मध्ये ओढे आहेत, काही ठिकाणी सायकल खांद्यावर घ्यावी लागेल. पावसाळा संपला, वाटा वाळल्या की दिवाळीनंतर आम्ही त्या वाटेनं जाणार आहोत, दोन दिवसांचा बेत करून. प्रत्येक गावात म्हाताऱ्या माणसांशी बसायचं ठरलंय. शिक्षिकाबाईंनी दोनशे पानी वही आणून ठेवली आहे, आणि पहिल्या पानावर रकाने आखलेत: गाव, सांगणाराचं नाव, कोण गेलं.